फुगवट्याचं पाणी

बीड, शुक्रवार

प्रिय राजेश्वर,

'प्रिय' वाचून हुरळून जाऊ नकोस. पत्राची सुरुवात अशी करतात म्हणून लिहिलं. 'श्री. राजेश्वर मन्मथप्पा' असं लिहिलं असतं तर तुला कोर्टाची नोटीस वाटली असती आणि कागद न वाचताच तू वकिलाकडे धावला असतास. नावाने हाक मारलेलीही तुला खटकली असेल. पाच वर्षं तुझ्या घरात राहिले, तेव्हा तुझं नाव फक्त उखाण्यात घेतलं, बाकी सगळा कारभार 'अहो'वर चालला. आता मी तुला तू म्हणणार आहे. अकरा वर्षांनी एवढी सूट मी स्वतःला दिली आहे.

आधी मुद्द्याचं. तुझी लेक लीला चौदा महिन्यांची आहे. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा तिचं पोट फुगून ताणलेलं होतं, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, डोळे पिवळे होते आणि कोणीही उचललं तरी तिची किरकिर थांबत नव्हती. माजलगावच्या डॉक्टरांनी कावीळ सांगितली, जंगमांनी विभूती दिली, तू दोघांनाही मान डोलावलीस. महिन्यापूर्वी रोहिणी तिला घेऊन अंबाजोगाईला माहेरी गेली, तिकडच्या वैद्याचा गुण येतो म्हणून. तू गेला नाहीस, कारण लग्नसराई आहे आणि रुखवताच्या भांड्यांचं गिऱ्हाईक सोडवत नाही. राजेश्वर, तुझ्या मुलीला काय झालं आहे ते मला ठाऊक आहे. ते कशाने होतं, कशाने थांबतं आणि थांबवलं नाही तर किती दिवसांत काय होतं, हेही ठाऊक आहे. या पत्रात मी ते सगळं सांगणार आहे, पण माझ्या चालीने.

तुझी सवय मला माहीत आहे. पेपर तू शेवटच्या पानापासून वाचतोस. म्हणून मी पानांवर आकडे टाकलेले नाहीत आणि पाकिटात घालण्याआधी ती पत्त्यांसारखी पिसली आहेत. हे पान तुला 'प्रिय'मुळे सापडलं असेल. पुढची तुला एकेक करून जुळवावी लागतील. मधलं वाक्य कुठे तुटलं आणि कुठे पुरं झालं, ते बघत बस. गल्ल्यावर बसून, गिऱ्हाईक ताटकळत ठेवून, घामाघूम होऊन तू कागद लावतो आहेस, असं चित्र मी डोळ्यांपुढे आणलं आणि मला बरं वाटलं. हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

तुमच्या घरातला तो हंडा. घरातल्या माणसांपेक्षा त्याचा मान मोठा. तुझ्या पणजोबांनी ठोकून घेतलेला, देवघराच्या दाराशी तिवईवर बसलेला, रिकामा असला तरी एकट्या बाईला न उचलणारा. दुकानात तू ढिगाने स्टील विकायचास, पण घरात पिण्याचं पाणी त्याच हंड्यातलं. लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी तुझ्या आईने, आत्याबाईंनी, माझ्या हातात चिंच आणि मीठ दिलं. लिंगपूजेच्या आधी हंडा आतून-बाहेरून घासायचा, तोंड दिसेल इतका. कल्हईवाला गल्लीत आला की बाकीची भांडी बाहेर जायची, हंडा कधी गेला नाही. "कल्हई लावली की तांब्याचा गुन मेला," आत्याबाई म्हणायच्या, "रातभर ऱ्हायलेलं पानी औशद हाय, औशद." तूही गिऱ्हाइकांना हेच सांगायचास, जरा शुद्ध भाषेत, आणि तांब्याचे तांबे चढ्या भावाने खपवायचास. तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं, हे मी आज रसायनशास्त्र शिकून सांगते आहे. तुमच्या विहिरीचं पाणी नितळ होतं. रात्रभरात त्यात तांबं उतरायचं ते कणभर. त्या पाण्यावर तीन पिढ्या वाढल्या हे अगदी खरं आहे.

मग तो दुष्काळ आला. धरणाचा तळ उघडा पडला, लोक ट्रॅक्टर घेऊन गाळ न्यायला उतरले. त्या उघड्या जमिनीवर गवत, रुई, वेडी बाभूळ असं काय काय माजलं. कडेकडेने कोणी ऊसही लावून घेतला. पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं आणि ते सगळं पाण्याखाली जागच्या जागी कुजलं. धरण भरलं, पण तुमची विहीर काही भरली नाही. मामंजींनी धरणामागे तुंबलेल्या पाण्यात, फुगवट्यात, मोटर टाकली, घरापर्यंत पाइप आणला आणि पहिल्या दिवशी नळाला बिनदुधाच्या चहासारखं पाणी आलं. तुरटी फिरवली तेव्हा गाळ बसला, पण रंग गेला नाही. तुला आठवेल, मी म्हणाले होते, हे पाणी मला बरं दिसत नाही. तू म्हणालास, "मासे हायत की त्यात. मासे जगत्यात ते पाणी वाईट कसं असंल?" जन्मात ज्याच्या ताटात मासा आला नाही तो माणूस माशांची साक्ष काढत होता. मी हसले. वीरेश तेव्हा माझ्या मांडीवर होता आणि मी हसते म्हणून तोही हसला.

तो तीन महिन्यांचा असताना मला टायफॉइड झाला आणि दूध आटलं. तेव्हापासून त्याला गाईचं दूध. निम्मं दूध, निम्मं हंड्यातलं पाणी. आत्याबाई स्वतः पितळी पातेल्यात उकळायच्या, स्वतः चांदीच्या बोंडल्याने पाजायच्या, मला हात लावू द्यायच्या नाहीत. त्यांचा जीव होता त्याच्यावर, ते मी नाकारत नाही. सातव्या महिन्यात तो किरकिरायला लागला. नवव्यात पोट वाढलं. बोटाने दाबलं तर उजव्या बरगडीखाली लाकडाच्या फळीसारखं कडक काही लागायचं. तो जसजसा खंगत गेला तसतसा आत्याबाईंचा उपाय वाढत गेला. सकाळी उपाशीपोटी हंड्यातलं पाणी, आधी दोन चमचे, मग चार, शेवटी अर्धी वाटी. औषध होतं ना ते! मी पदर खोचून उभी राहायचे आणि बघायचे. वाटी रिकामी झाली की विसळून जागेवर ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता असं तूच सगळ्यांना सांगितलंस. चार दिवस तो तिथे होता. डॉक्टर तुझ्याशी बोलायचे, बाहेर, इंग्रजी-मराठीत. मी आत त्याच्या पायाला धरून बसलेली असायचे. पाचव्या दिवशी पहाटे तो गेला. तेरा महिन्यांचा होता. आपल्या रीतीप्रमाणे त्याला बसवून माती दिली, आणि घरी येऊन अंघोळ होते न होते तोच आत्याबाई ओसरीवर म्हणाल्या, "तीन पिढ्या ह्याच घरात वाडल्या, कुनाला काय झालं न्हाई. हिच्याच लेकराला कावून झालं? हिच्या दुधातच ईख व्हतं." बायका जमल्या होत्या. तू खांबाला टेकून उभा होतास. मी तुझ्याकडे पाहिलं. तू चपलेचा अंगठा बघत होतास.

एकोणिसाव्या दिवशी तू मला म्हणालास, "थोडे दिवस सिरसाळ्याला माहेरी जाऊन ये." एक ट्रंक दिलीस. ते थोडे दिवस अजून चालू आहेत. मग तुझे घटस्फोटाचे कागद आले. त्यात एक वाक्य होतं, ते मला अजून पाठ आहे: पत्नीने बालकाच्या संगोपनात अक्षम्य हलगर्जीपणा केला. आप्पांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मग बियाणांच्या पोत्यावर बसून राहिले. माझ्या बापाने उभ्या आयुष्यात कोणाला खोटं बियाणं विकलं नाही, आणि त्याच्या लेकीने पोर मारलं असं सिरसाळ्याच्या बाजारात लोक बोलायला लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. लग्नासाठी सुटलेलं बी.एस्सी. मी पुरं केलं, पुढे एम.एस्सी. केलं, कारण घरात बसलं की भिंती अंगावर यायच्या. सहा वर्षं झाली, मी बीडला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. कंत्राटी आहे, पण पाण्याबद्दल माझा शब्द आता चार माणसं ऐकतात.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. फुगवट्याकाठच्या एका गावातून सटवा नावाचा ग्रामपंचायतीचा शिपाई पाण्याचा नमुना घेऊन आला. आम्ही नमुन्यासाठी प्लास्टिकची बाटली देतो. ती त्याच्याकडून फुटली होती आणि दुसरी मागायला त्याला लाज वाटली. मग त्याने काय करावं? घरातला सगळ्यात चांगला तांब्याचा तांब्या चिंचेने घासला, आदल्या संध्याकाळी त्यात पाणी भरलं, वर फडकं बांधलं आणि एसटीत मांडीवर धरून आणला. "म्याडम, साहेबाच्या टेबलावर जायाचं पानी, प्लास्टिकात बरं दिसंना," म्हणाला. आम्ही हसलो. मी सवयीने रंगपट्टी बुडवली. तांब्यात रात्रभर ठेवलेलं ते लालसर पाणी, आणि पट्टीवर तांब्याची खूण जवळजवळ नाहीच. मग आमचे युवराज सर म्हणाले, "आता आम्ल घाल, रंग जाईस्तोवर शिजव, अन् मग मोज. पानी लबाड न्हाई मॅडम, आपली पट्टी लबाड हाय." मी शिजवलं. रंग गेला, पाणी काचेसारखं झालं, आणि यंत्राने लिटरमागे सात मिलिग्रॅम तांबं दाखवलं. दुसरा चांगला स्रोत नसेल तर नियम दीडपर्यंत चालवून घेतो. सर म्हणाले, भांड्याने नमुना बिघडला, ओतून दे. मी नाही ओतला. मी त्या रात्री तोच तांब्या घासून त्यात एका विहिरीचं नितळ पाणी ठेवलं. सकाळी ते अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली होतं. मी खुर्चीवर बसले आणि कोणीतरी मला पाणी आणून दिलं ते मला पिता येईना.

तुला समजेल असं सांगते, कारण हे तुला समजायलाच हवं. पानं, गवत, पाचट पाण्यात कुजलं की त्यांचा अर्क पाण्यात उतरतो. तो गाळ नव्हे. तो विरघळलेला असतो, म्हणून फडक्याने गाळला जात नाही. या अर्काला धातूची ओढ असते. त्याच्या बारीक बारीक कणांना जणू मुठी असतात, धातू हाताशी आला की आवळून धरतात, आणि सगळ्या धातूंत तांबं त्यांचं फार लाडकं. नदीत हे रोज चालतं. डोंगरातला, शेतातला, गटारातला धातू हा अर्क असाच मुठीत धरून कोसच्या कोस वाहून नेतो, नाहीतर तो वाटेतच तळाला बसला असता. आता असं पाणी चिंचेने घासून उघड्या केलेल्या तांब्यात रात्रभर ठेवलं तर काय होईल? भांड्यातून सुटलेला प्रत्येक कण अर्क धरून ठेवतो, आणि भांडं आणखी सोडत राहतं. मुठीत बंद म्हणून पट्टीला दिसत नाही. मुठीत बंद म्हणून माशाच्या कल्ल्यालाही फारसं लागत नाही. तुझे मासे खरंच जगत होते, राजेश्वर. पण माशाच्या कल्ल्यात आम्ल नसतं. लेकराच्या पोटात असतं. तिथे मुठी उघडतात. मोठ्या माणसाचं यकृत जास्तीचं तांबं पित्तावाटे टाकून देतं, तुम्ही सगळे ठणठणीत राहिलात ते त्यामुळे. वर्षाच्या आतल्या बाळाला ते जमत नाही. तांबं यकृतात साठत जातं, यकृत कडक होतं, पोट फुगतं. पितळी पातेल्यात उकळलेल्या दुधाने त्यात आणखी भर घातली. पुढचं तुला माहीत आहे, तू ते एकदा पाहिलं आहेस.

म्हणजे तीन वर्षांपूर्वीच मला कळलं होतं की वीरेश कशाने गेला. तेव्हाच का नाही लिहिलं, असं तू विचारशील. तुम्हाला बोअर लागलं होतं, पाइप निघाला होता, तुझ्या घरात लेकरू नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तो राग मला सोबतीला हवा होता. रोज संध्याकाळी खोलीवर येऊन कुलूप उघडताना तो आत असायचा. तुम्हाला सांगून टाकलं असतं तर तुम्ही चार दिवस हळहळला असता, आणि मग पुन्हा दुकान उघडलं असतं.

दीड महिन्यापूर्वी कडूबाई मला इथल्या बसस्थानकावर भेटली. तुमच्याकडे भांडी घासते ती, अजूनही. मला ओळखून रडली. म्हणाली, "बाई, लेकराचं पोट लई फुगलंय. आपल्या वीरेशवानीच दिसायलंय." मी विचारलं, पाणी कुठलं? म्हणाली, "बोअर गेलं की मागल्या उन्हाळ्यात. फुगवट्यालाच पाइप हाय पुन्यांदा. आन् आईसाब रोज सकाळी हंड्यातलं पाजत्यात, वाटीनं." एवढं ऐकून मी तिला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली, गाडीत बसवून दिलं आणि खोलीवर आले.

आता जे लिहिते ते नीट वाच. त्यानंतर नऊ दिवस मी काहीही केलं नाही. फोन माझ्या हातात होता, दुकानाचा नंबर मला आजही पाठ आहे. मी कामावर गेले, डबा खाल्ला, रविवारी साडीला फॉल लावला. रोज सकाळी साडेसातला घड्याळाकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, आता वाटी भरली. आता पाजली. पहिले दोन-तीन दिवस मला बरं वाटत होतं. तुझं पोर माझ्या पोरासारखं होतंय, आता तुझी बायको उभी राहून बघतेय, आता आत्याबाईंना कळेल विष कोणाच्या हातात होतं, असं सगळं मी मनात घोळवलं. पाचव्या दिवशी मला जेवण जाईना. नवव्या दिवशी मी बाथरूममध्ये बसून स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. ते नऊ दिवस माझे आहेत, ते मी कोणाच्याही माथी मारणार नाही. त्या लेकराचं मी काय बिघडवलं ते मला जन्मभर पुरेल.

दहाव्या दिवशी मी फोन केला, पण तुला नाही. रोहिणीला केला, कडूबाईकडून नंबर घेऊन. तिने मी कोण हे ऐकून फोन ठेवला नाही, यावरूनच मला कळलं की तुझ्यापेक्षा तिला जास्त अक्कल आहे. मी सगळं सांगितलं, नऊ दिवसांचंही. ती म्हणाली, "ताई, माझ्या लेकरानं तुमचं काय वाकडं केलतं?" तिसऱ्या दिवशी ती अंबाजोगाईला निघाली आणि तिथे फक्त एक रात्र थांबली. राजेश्वर, लीला महिनाभर अंबाजोगाईत नाही. ती एका मोठ्या दवाखान्यात होती, आता त्याच गावात एका खोलीवर आहे. तिला एक औषध चालू आहे, ते रक्तातलं, यकृतातलं तांबं धरतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. डॉक्टर म्हणतात, यकृत अजून पुरतं कडक झालेलं नाही, वेळेत आणलीत. पोट उतरलं आहे. परवा तिने रोहिणीच्या बांगड्या ओढल्या आणि हसली. एवढ्यापुरता तू निःश्वास टाक. रोज संध्याकाळी फोनवर "बरी हाय" असं रोहिणी सांगत होती, ते खोटं नव्हतं. दर आठवड्याला तू एसटीच्या कंडक्टरबरोबर हंड्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या पाठवत होतास, आईच्या हातची चिठ्ठी बांधून, 'लीलासाठी, सकाळी उपाशीपोटी'. रोहिणीचा भाऊ त्या मला आणून देतो. आठही बाटल्या मी शिजवून मोजल्या. सहाच्या खाली एकही नाही.

मग हे पत्र कशाला, लेक तर वाचली. सांगते. मागच्या सोमवारी डॉक्टरांनी वीरेशचे जुने कागद मागवले, तुलना करायला. ती फाइल अकरा वर्षं माझ्या ट्रंकेत होती आणि मृत्यूच्या दाखल्याच्या मागचं पान मी कधी उलटलं नव्हतं, तेवढं धैर्य नव्हतं. परवा उलटलं. दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशीची नोंद आहे, डॉक्टरांच्या अक्षरात: दूध-पाण्यासाठी तांबे-पितळेची भांडी वापरता का, असे दोनदा विचारले. उत्तर, नाही, स्टील वापरतो. माहिती देणारा, वडील. म्हणजे त्यांना संशय आला होता, राजेश्वर. विचारलं होतं, तेही दोनदा. औषध तेव्हाही होतं, कदाचित उपयोग झाला नसता, कदाचित झाला असता, ते आता मला कोणीही सांगू शकत नाही. भांडीवाल्याचं पोर भांड्याने आजारी पडलं, हे माजलगावच्या बाजारात फुटू नये म्हणून तू एका शब्दात डॉक्टरांना परत पाठवलंस. मग घरी येऊन चपलेकडे बघत उभा राहिलास आणि माझ्या दुधात विष होतं हे ऐकून घेतलंस. आणि लीलाचं पोट फुगल्यावर तो प्रश्न तुला आठवला नसेल असं मी मानत नाही, तरी तू बाटल्या भरत राहिलास, कारण विचारायला गेलं तर उत्तर मिळालं असतं. ते पान रोहिणीने वाचलं आहे. माझे नऊ दिवस माहीत असून ती माझ्या शेजारी बसते, तुझा तो एक शब्द वाचून ती तुझ्याकडे यायला तयार नाही. तिचं म्हणणं एवढंच आहे: हे तुझ्या आईला तुझ्या तोंडाने कळलं पाहिजे. मला ठाऊक आहे, आत्याबाईंनी जे केलं ते मायेपोटी आणि अज्ञानापोटी केलं, आणि हे ऐकल्यावर त्या उरलेलं आयुष्य आपल्या हाताकडे बघत काढतील. तुला ते करवणार नाही. नको करूस. मग लीला कुठल्या गावात आहे, चालायला लागली का, तुला बाबा म्हणते का, यातलं काहीही तुला कळणार नाही. करायचं असेल तर त्यांना सगळं सांग, तो प्रश्न, तुझं उत्तर, बाटल्या, आणि मग माझा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दे. त्यांनी मला एवढंच म्हणायचं आहे की कावेरी, तुझ्या दुधात काही नव्हतं. त्या कितीही रडल्या तरी मी मधे बोलणार नाही, वाक्य पुरं होईपर्यंत फोन धरून ठेवीन.

तुझीच म्हणण्याजोगं काही उरलं नाही, म्हणून नुसतीच,
वीरेशची आई
कावेरी